चौथं नाव

माझे सासरे भगवान गजभिये वयाच्या शहात्तराव्या वर्षी दर मंगळवारी पँट आल्टर करायला जाऊ लागले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की कुठंतरी पाणी मुरतंय.

या माणसाने मागची बारा वर्षं दोन करड्या पँट्सवर काढली. नवीन घेऊ म्हटलं की, ‘कशाला, मला काय कुठं मुलाखतीला जायचंय?’ आणि आता बघावं तर थ्रिफ्ट स्टोअरमधून कुणाच्या तरी वापरलेल्या लांबलचक पँट्स उचलून आणायच्या, पिशवीत भरायच्या आणि कॅनडातल्या उणे वीसच्या थंडीत आमच्या कनाटा उपनगरातल्या स्टॉपवर बसची वाट बघत उभं राहायचं. मॉलमध्ये एक छोटं आल्टरेशनचं दुकान होतं. तिथं जायचं, दोन तासांनी परत यायचं. बेसमेंटमधल्या त्यांच्या कपाटात अकरा पँट्स झाल्या. अंगावर मात्र त्याच दोन करड्या.

‘मामाजी, तुमची उंची कमी होतेय की काय?’ मी एकदा विचारलंच.

‘वय झालं ना पोरी,’ ते म्हणाले आणि हसले. हे आणखी वाईट. मामाजी हसले की काहीतरी लपवलेलं असतं, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच ताडलं होतं.

मी संशयी आहे. नवरा म्हणतो, मुलगी म्हणते, नागपूरची बहीण तर सरळ तोंडावर म्हणते. असू दे. मी फेडरल गव्हर्नमेंटच्या एका खात्यात नोकरी करते, दर काही वर्षांनी माझी सिक्युरिटी तपासणी होते, आणि घरात कोण कोण राहतं, आधी कुठं काय काम करत होतं, हे सगळं मला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. सासऱ्यांच्या नावापुढे मी काय लिहिलं? कपिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने सांगितलं ते: गल्फमध्ये सरकारी स्टोअरला क्लार्क, एकोणीस वर्षं. एवढंच. एकोणीस वर्षांची एक ओळ!

त्या एकोणीस वर्षांबद्दल त्यांच्या तोंडून दुसरी ओळ मी कधी ऐकली नाही. सासूबाई, कांताबाई, जिवंत होत्या तेव्हा त्यांनाही विचारलं होतं. ‘ऑफिसात होते ना जी,’ म्हणून त्या पोळ्या लाटत बसल्या. इतर लोक गल्फहून आले की सोन्याच्या, उन्हाच्या, अरबी शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगून जीव नकोसा करतात. आमच्याकडे सगळे मूग गिळून.

आणि त्यांच्या सवयी बघा. हॉटेलात बसायचं तर दाराकडे तोंड करून. आमच्या असोसिएशनच्या आंबेडकर जयंतीला सगळ्यांचे फोटो मामाजीच काढणार, एकाही फोटोत स्वतः दिसणार नाहीत. लोकांना भेटले की, मुलगा कुठं शिकतो, घर कधी घेतलं, गावाकडे कोण असतं, सगळं विचारतील. लोक भुलतात. ‘गजभियेकाका किती आपुलकीनं विचारपूस करतात!’ मला ती आपुलकी कधी वाटली नाही. त्यांचे डोळे पोस्टाच्या खिडकीमागच्या माणसासारखे असायचे. ऐकलं, शिक्का मारला, पुढचा.

तर फेब्रुवारीत मी कपडे धुवायला घेतले आणि त्यांच्या स्वेटरच्या खिशात दुकानाची पावती सापडली. गिऱ्हाइकाचं नाव: रवींद्र. कोण रवींद्र? आमच्या सात पिढ्यांत रवींद्र नाही.

पुढच्या मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि गाडी घेऊन बसच्या मागे गेले. हो, गेले. सून असून सासऱ्याचा पाठलाग केला, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

दुकान म्हणजे एक कोनाडा. मशीन, काउंटर, एक स्टूल. मशीनवर साठीचा एक वाळका माणूस, पांढरी दाढी नीट कापलेली. मी समोरच्या फूड कोर्टात कॉफी घेऊन बसले. मामाजी स्टुलावर बसून त्याच्याशी चक्क गप्पा मारत होते, मान डोलावत होते. तासभर! मग शिंपी आत काहीतरी आणायला गेला. मामाजींनी कोटातून पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं पांढरं कार्ड काढलं, पेन्सिल काढली, झरझर चार ओळी लिहिल्या आणि तो बाहेर येण्याआधी सगळं परत कोटात. हात इतका सराईत की माझ्या अंगावर काटा आला.

मी त्यांच्या आधी घरी पोचले आणि सरळ बेसमेंटमध्ये उतरले. कपाटाच्या वरच्या खणात बुटांचा खोका होता, खोक्यात कार्डं. मराठी अक्षरक्रमाने लावलेली, प्रत्येक अक्षरापाशी जाड पुठ्ठ्याची खूण. असोसिएशनमधल्या एकूण एक माणसाचं कार्ड. माझ्या मुलीचं, धम्मप्रियाचं कार्ड. आणि माझं! ‘मैत्रेयी. सकाळी ७.४० ला निघते. बहिणीशी फोन रविवारी, सरासरी ५० मि. ऑफिसात नवीन बॉस, नाराज. माझ्यावर संशय आहे.’

अरे बाप्पा! तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरात मी या माणसाला वेळेवर गोळ्या दिल्या, विंटर बूट घालताना खाली बसून लेस बांधल्या, त्या घरात हा माझे फोन मोजत होता!

ते आले तेव्हा मी खोका डायनिंग टेबलावर ठेवून उभीच होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, टोपी काढली, कोट काढला, खुर्चीत बसले. एका शब्दाने खोटं बोलले नाहीत. मला वाटतं, इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारावं याची ते वाटच बघत होते.

‘सवय आहे,’ म्हणाले. ‘हात लिहितो. मला कळतही नाही.’

‘कसली सवय? स्टोअरची?’

‘स्टोअर नव्हतं ते. पोलीस हेडक्वार्टर होतं. स्पेशल ब्रँच, म्हणजे लोकांवर पाळत ठेवणारे. मी तिथल्या रजिस्ट्रीचा, नोंदींच्या विभागाचा हेड क्लार्क होतो.’

मग त्यांनी सांगितलं. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, ते एक लहानसं अरबी राज्य आहे एवढं पुरे. मामाजी तिथे गेले पंचाहत्तर साली. राज्य नुकतंच स्वतंत्र झालं होतं, नवा झेंडा, नवं राष्ट्रगीत. पण स्पेशल ब्रँचचा प्रमुख इंग्रज, त्याचे दोन्ही डेप्युटी इंग्रज, तुरुंगाचा मुख्य इंग्रज. फक्त आता लंडनचा पगार नव्हता, तिथल्या राजाचा, अमिराचा करार होता. मामाजींचे साहेब हॉल्डन आफ्रिकेतल्या एका वसाहतीत पोलिसात होते. ती वसाहत हातची गेली तशी तिथली सगळी पद्धत बॅगेत भरून इकडे आले. ‘झेंडा उतरवला, खुर्ची नाही हलवली,’ मामाजी म्हणाले.

रजिस्ट्रीत स्थानिक माणूस एकही नको, हा साहेबांचा नियम. स्थानिक माणसाला भाऊ असतो, मेहुणा असतो, तो फुटेल. हिंदी, म्हणजे भारतातल्या माणसाला तिथे कोणीच नाही, म्हणून हिंदी क्लार्क. अरबी न येणारा असेल तर उत्तम. फॉर्मसुद्धा ओळखीचे होते. एकेकाळी त्या सगळ्या किनाऱ्याचा कारभार इंग्रज मुंबईतून हाकायचे, त्याच वळणाचे रकाने. नाव, बापाचं नाव, वर्ण, खुणा, सोबती. आणि एक रकाना जातीचा. तिथे जात नव्हती, म्हणून त्यावर टाइप करून ‘पंथ’ लिहिलेलं.

‘तो रकाना मी भरायचो,’ मामाजी म्हणाले. ‘शाळेत माझ्या नावापुढे मास्तरांनी भरला होता. तोच रकाना मी दुसऱ्यांच्या नावापुढे भरला, एकोणीस वर्षं. आणि मला काही वाटलं नाही. खरं सांगतो पोरी, काही म्हणजे काही वाटलं नाही. कारण नागपूरच्या ऑफिसात माझा कप वेगळा ठेवायचे, आणि हॉल्डनसाहेबानं पहिल्याच दिवशी स्वतःच्या किटलीतला चहा मला त्याच्याच कपात दिला. हात मिळवला. मला ‘बॉब’ म्हणायचा. मी त्याच्यासाठी जीव दिला असता.’

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मी विचारलं, ‘आणि तो शिंपी?’

टेबलावरून हात फिरवत ते नावांपासून सुरू झाले.

आपल्याकडे माणसाला नावं किती? तीन. स्वतःचं, बापाचं, आडनाव. शाळेत, रेशन कार्डावर, लग्नपत्रिकेवर तीनच. मामाजींच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. तिथले लोक मात्र स्वतःचं, बापाचं, आजोबाचं आणि मग घराण्याचं, अशी चार नावं सांगत. खबऱ्यांचे कागद इंग्रजीत टाइप होऊन आले की मामाजी पहिली तीन घेत आणि चौथं सोडून देत. तिसरं तेच आडनाव, पुढचं काहीतरी शेपूट. कार्डावर जागाही तीन नावांचीच होती. आजोबाच्या नावाला आडनाव समजून त्यांनी बारा वर्षं कार्डं लावली, आणि हॉल्डनसाहेबाला अरबी माणसांची नावं सगळी सारखीच वाटत असल्यामुळे त्याला ते कधी खटकलं नाही.

सत्याऐंशी साली युसुफ अली हसन नावाच्या माणसाला उचललं. शाळेत प्रयोगशाळा मदतनीस, वय चोवीस. त्याच्या कार्डावर बंदी असलेल्या संघटनेच्या सात बैठका होत्या. त्या सातही दुसऱ्याच्या. तोही युसुफ अली हसन. गाव वेगळं, चौथं नाव वेगळं. दोघांचं मिळून मामाजींनी एक कार्ड केलं होतं.

‘मला कळलं दोन महिन्यांनी. एका हवालदारानं सांगितलं, अहो हे दोघं वेगळे. मी साहेबाकडे गेलो. साहेब म्हणाला, पंथ एकच ना? मग राहू दे, बॉब. जवळपास तेच आहे.’

‘आणि तुम्ही राहू दिलं.’

‘राहू दिलं. तीन वर्षं होता तो आत.’

शिंप्याच्या दुकानात भिंतीवर इंग्रजीच्या क्लासचं सर्टिफिकेट आहे, फ्रेममध्ये. मागच्या शरद ऋतूत मामाजी खरोखरच एक पँट घेऊन तिथे गेले आणि सर्टिफिकेटवरची चारही नावं त्यांनी वाचली, पहिली तीन युसुफ अली हसन. मग गाव विचारलं. वय विचारलं. घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत. मी पोटाचं औषध दिलं होतं, मला आठवतं.

तेव्हापासून दर मंगळवारी. पँट हे निमित्त. एकदा जाऊन सांगायचं आणि यायचं, असं ठरवून जायचे, आणि सांगायचं सोडून विचारतच बसायचे. खोटं नाव सांगून. सवयच ती.

युसुफकडून त्यांना कळलं ते असं. तो बावीस वर्षांपूर्वी कॅनडात आला, निर्वासित म्हणून राहू दिलं, पण पर्मनंट रेसिडेन्स, पीआर, आजवर नाही. का? तर तिकडच्या पोलिसांच्या फाइलीत त्याच्या नावावर सात बैठका. इथलं सरकार म्हणतं, तू बंदी असलेल्या संघटनेचा माणूस. तो म्हणतो, तो मी नव्हे. पुरावा? पुरावा काय देणार! पीआर नाही म्हणून देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, बायको-मुलीला आणता येत नाही. मुलगी सहा वर्षांची असताना सोडून आला. आता ती अठ्ठावीस वर्षांची, तिलाच मूल झालंय. एप्रिलमध्ये शेवटची सुनावणी होती.

आणि त्या सात नोंदी कशा लिहिल्या गेल्या हे सांगू शकणारा एकच जिवंत माणूस आमच्या बेसमेंटमध्ये राहत होता. हॉल्डनसाहेब कधीच वारला.

कपिल घरी आला, त्याने ऐकलं, आणि आमच्या घरात कधी झालं नव्हतं एवढं भांडण झालं. कारण मामाजींना इथे बोलावताना फॉर्म कपिलने भरला होता. त्यात सरळ प्रश्न होता: कधी पोलीस, सैन्य, गुप्तचर खात्यात काम केलंय का? बापाने सांगितलं ‘स्टोअर लिही’, पोराने ‘नाही’वर खूण केली.

‘तुला ठाऊक होतं?’ मी विचारलं.

‘अर्धवट. मी विचारलं नाही.’ मग तो बापावर ओरडला, ‘बाबा, तुम्ही हे शपथेवर सांगितलं तर तुमची सिटिझनशिप काढून घेतील! शहात्तराव्या वर्षी कुठं जाणार? माझ्यावर खोटी माहिती दिल्याचा ठपका येईल. मैत्रेयीचं सिक्युरिटी क्लिअरन्स? तिची नोकरी? एका शिंप्यासाठी?’

धम्मप्रिया जिन्यात बसून ऐकत होती. ‘डॅड, ही लॉस्ट हिज किड,’ ती म्हणाली. कपिलने तिला वर जायला सांगितलं.

मी काय म्हटलं? खोटं कशाला सांगू, मी कपिलच्या बाजूने होते. माझी नोकरी मी फुकट मिळवलेली नाही. तीन वर्षं कॉल सेंटरमध्ये हेडसेट घालून काढली, तेव्हा कुठं ही खुर्ची मिळाली. वर मला त्या युसुफचाही संशय. ‘मामाजी, तो हाच कशावरून? उलट तो सात बैठकांवाला असेल, तुम्हाला ओळखून गोष्ट रचत असेल तर?’

‘त्या माणसाला उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. कार्डावर खुणेत लिहिलेलं होतं. याला आहेत,’ ते म्हणाले. ‘आणि खूण कुणी ताडून बघितली नाही. मीसुद्धा नाही.’

त्या रात्री मी झोपले की नाही हे सोडा. सकाळी उठून किचनमध्ये आले तर मामाजी कोट घालून बसलेले. म्हणाले, ‘वकिलाकडे जातो. पत्ता त्याच्या काउंटरवरच्या कार्डावरून घेतलाय. बस कुठली जाते ते सांग.’ कपिल खाली आलाच नाही. मी गाडीची किल्ली उचलली. का उचलली ते तेव्हा कळलं नाही. बसने गेले असते तर घसरून पडले असते, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण.

वकील ईशिता सेन, पस्तिशीची, इथेच वाढलेली, हिंदी बऱ्यापैकी. तिने मामाजींचं म्हणणं दहा मिनिटं ऐकलं आणि युसुफला फोन करून बोलावून घेतलं. तो अर्ध्या तासात आला. दारात आला, मामाजींना पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक.

‘हाच तो!’ तो गल्फमधल्या बाजारी हिंदीत वकिलाला म्हणाला. ‘याच्याबद्दल मी सांगितलं होतं!’

ईशिताने ड्रॉवरमधून एक यादी काढली. युसुफच्या हस्ताक्षरात, तारीखवार. ‘मंगळवार. म्हातारा हिंदी. नाव रवींद्र सांगतो, खोटं वाटतं. माझं गाव विचारलं. मंगळवार. बायको कुठं राहते विचारलं. मंगळवार. ज्या पँट्स आणतो त्या त्याच्या मापाच्या नाहीत. मी आत गेलो की काहीतरी लिहितो. आरशात दिसलं.’ त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, तिकडच्या सरकारने माणूस मागे लावलाय. चार महिने तो दुकान बंद करून मागच्या दाराने घरी जात होता. मुलीला फोन करायचा बंद झाला होता, तिच्यावर बालंट यायला नको म्हणून.

मामाजी पश्चात्ताप करायला गेले आणि चार महिने त्या माणसाला पुन्हा कैदेत ठेवून आले! मला त्या खोलीत तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मामाजी उठून उभे राहिले. पूर्ण नाव सांगितलं. खातं सांगितलं. ‘रजिस्ट्री. पहिला मजला.’

युसुफ म्हणाला, ‘मी तळघरात होतो.’

‘हो.’

‘ऐकू यायचं वर?’

‘यायचं.’

‘मग तू काय करायचास?’

‘पंखा मोठा करायचो,’ मामाजी म्हणाले. ‘आणि टाइपरायटर जोरात मारायचो.’

ते रडले नाहीत, युसुफही नाही. रडू मला येत होतं, आणि तिथे रडण्याचा मला काही अधिकार नव्हता.

ईशिता मात्र कामाला लागली होती. तिच्या दृष्टीने हे घबाड होतं. ती लॅपटॉपवर जबाब टाइप करू लागली: मी अमुक, तमुक पदावर, माझ्या चुकीने दोन व्यक्तींची नोंद एक झाली. ‘आता त्या दुसऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव सांगा. चारही नावं, गाव, खूण. म्हणजे ताडून बघता येईल.’

मामाजींना ते तोंडपाठ होतं. सदतीस वर्षं घोकलं होतं त्यांनी. त्यांनी तोंड उघडलं.

‘नको,’ युसुफ म्हणाला.

‘का?’ ईशिताने विचारलं.

‘तो अजून तिथंच राहतो. त्याला नातवंडं आहेत. त्याला कधी कुणी पकडलं नाही, कारण त्याच्या जागी मी होतो. इथं लिहिलं की तो कागद फिरत फिरत तिकडे जाणार नाही, असं तू शपथेवर सांगशील?’ हे ईशिताला. तिने नकारार्थी मान हलवली. मग तो मामाजींकडे वळला. ‘तू माझं नाव एकदा लिहिलंस. आता माझ्यासाठी त्याचं लिहितोस? तुला दुसरं काही येतच नाही का रे?’

ईशिता म्हणाली की, नावाशिवाय जबाब लंगडा आहे, सरकारी वकील विचारेल, ही दुसरी व्यक्ती आहे तरी कुठे? युसुफ उठून कोट घालायला लागला. बावीस वर्षं, मुलगी, नातू, सगळं त्या एका नावावर अडलं होतं, आणि हा माणूस कोट घालत होता. मी संशयी बाई, मी त्याच्या चेहऱ्यात काहीतरी नाटक शोधत होते. सापडलं नाही.

‘थांबा,’ मामाजी म्हणाले. ‘मी दुसऱ्या कुणाबद्दल लिहीत नाही. माझ्याबद्दल लिहितो.’

मग त्यांनी सांगितलं आणि ईशिताने टाइप केलं. एका माणसाची एक चूक नव्हे. बारा वर्षं, प्रत्येक कार्ड. सुमारे चार हजार. चौथं नाव तोडायची पद्धत माझी, ती चूक आहे हे सत्याऐंशी साली मला कळलं, मी प्रमुखांना सांगितलं, त्यांनी राहू दे म्हटलं, आणि त्यानंतरही सात वर्षं मी तीच कार्डं टाइप करत राहिलो. त्या रजिस्ट्रीतल्या कुठल्याही नोंदीवर कुणी भरवसा ठेवू नये. खाली कुणाला मारत असत ते मला माहीत होतं. कॅनडात येताना मी हे लपवलं.

ईशिताने हात थांबवले. तिने त्यांना इंग्रजीत आणि मग हिंदीत बजावलं की, काका, पहिला जबाब दिला असता तर तुमची एक चूक होती. हा दिलात तर तुम्ही त्या यंत्रणेचे भागीदार ठरता, तुमच्या नागरिकत्वाचं काही खरं नाही. स्वतःचा वकील करा आधी.

‘चार हजार लिहिलंय ना? अंकात आणि अक्षरात दोन्ही लिही,’ मामाजी म्हणाले आणि सही केली. तीन नावांची.

जाताना त्यांनी हात पुढे केला. युसुफने तो घेतला नाही. ‘दुकानात यायचं नाही आता,’ म्हणाला. मामाजी म्हणाले, ‘बरोबर आहे.’

  घरी येऊन त्यांनी तो खोका मागच्या अंगणात बर्फात नेला आणि एकेक कार्ड फाडलं. वेळ लागला. मी खिडकीतून बघत होते, मदतीला गेले नाही.

जूनमध्ये ईशिताचा फोन आला. युसुफचा अर्ज मंजूर झाला होता. अधिकाऱ्याने लिहिलं होतं की त्या राज्याच्या जुन्या फाइलीवर विसंबता येत नाही. मी बेसमेंटमध्ये जाऊन मामाजींना सांगितलं. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि वॉशरूममध्ये गेले. नळ बराच वेळ चालू होता.

आठवड्याने आमच्याकडे इमिग्रेशन खात्याचं पाकीट आलं, मामाजींच्या नावे. आत पाच पानी प्रश्नावली. कपिलने ती टेबलावर ठेवली. तीस दिवस आहेत, उत्तर द्यायची घाई नको, आधी मोठा वकील बघू, म्हणाला. कसं लिहायचं ते तो ठरवेल. शब्द असतात, बाबा. ‘आठवत नाही’ म्हणता येतं. तुमचं वय आहे.

मामाजींनी चष्मा लावला. तिसऱ्या पानावर तोच प्रश्न होता. पोलीस किंवा गुप्तचर खात्यात कधी काम केलंय का? त्यांनी ‘होय’वर खूण केली, आणि खाली दिलेल्या चार ओळींत बसेना म्हणून जोडायला जादा कागद घेतले. दोन दिवस लिहीत होते, हाताने, इंग्रजीत. कपिल त्या दोन दिवसांत जेवायला खाली आला नाही. शेवटी घरातल्या इतर व्यक्ती आणि त्यांचे व्यवसाय असा रकाना होता. माझ्या नावापाशी येऊन त्यांचं पेन थांबलं.

‘मैत्रेयी,’ ते म्हणाले, ‘इथं तुझं खातं लिहावं लागेल. तुझ्या नोकरीचं काय होईल?’

‘मला माहीत नाही, मामाजी,’ मी म्हटलं.  ‘खात्याचं पूर्ण नाव मी सांगते. लिहा.’